एक इंचाचा गेटमन

माप हा माझा धंदा आहे. सांगलीत गेली बावीस वर्षं मी बायकांचे ब्लाऊज आणि ड्रेस शिवते. बाई दुकानाची पायरी चढत असतानाच तिची छाती-कंबर मला टेप न लावता सांगता येते, असा माझा एक तोरा आहे. म्हणजे होता. तो उतरवला एका प्लॅस्टिकच्या माणसानं, आणि त्याची उंची होती एक इंच.

माझे वडील, आमचे आण्णा, रेल्वेत गेटमन होते. मीटरगेजचं ब्रॉडगेज झालं तेव्हा ते रूळ टाकणाऱ्या गँगमध्ये लागले आणि पुढं लोणंदच्या बाजूच्या एका फाटकावर आले ते निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले. एक पिवळी खोली, दोन बाजूंना लाल-पांढरे दांडे, एक बाभूळ आणि पाण्याचा रांजण, एवढंच ते फाटक. आईनं संसार तिथून फर्लांगभरावरच्या क्वार्टरमध्ये केला, पण आम्ही सगळे दिवसभर असायचो फाटकावरच. आई गेल्यावर मी आण्णांना सांगलीला आणलं. माझा नवरा विट्याचा आणि विट्याच्या निम्म्या पुरुषांसारखा तोही गलाईच्या धंद्यात, लांब दक्षिणेत सोनं वितळवून शुद्ध करतो. वर्षातनं दोनदा घरी येतो. एरवी घरात मी, आण्णा आणि पुढच्या खोलीत दुकान.

दोन वर्षांपूर्वी आण्णांना काचबिंदू निघाला. निघाला म्हणजे तो आत बसून कधीपासून नजर खात होता, आम्हाला कळलं उशिरा. मिरजेचे डॉक्टर भले माणूस, पण बोलायला सरळ. म्हणाले, "गेलेली नजर परत येत नाही. आहे ती किती दिवस राहील सांगता येत नाही. थेंब चुकवू नका." मी थेंब एकदाही चुकवले नाहीत. तरी नजर कडेकडेनं जातच राहिली.

मागच्या दिवाळीनंतर लोणंदला एका लग्नाला गेलो होतो. परत येताना आण्णा म्हणाले, गाडी जरा फाटकाकडनं घे. गेलो. तर तिथं फाटकच नव्हतं. लाईन डबल झाली, वर विजेच्या तारा आल्या, रस्ता खालनं बोगद्यातून काढला आणि खोली पाडून टाकली. बाभळीचं खोडही नव्हतं. आण्णा रुळांच्या कडेच्या जाळीला धरून उभे राहिले. मान एकदा इकडं वळवली, एकदा तिकडं. मग मला विचारलं, "मला दिसंना झालंय, का हितं कायच न्हाई?"

मी म्हणाले, "आवं आण्णा, कायच न्हाई हितं. तुमचं डोळं बरोबर हाईत."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "मग ठीक हाय," म्हणाले. फाटक गेल्याचं दुःख नव्हतं असं नाही, पण डोळे गेले नाहीत याचा आनंद त्याहून मोठा होता. कऱ्हाड मागं पडल्यावर ते म्हणाले, "एकदा बघायचं हुतं गं. डोळं हाईत तवर."

आणि मी, जिला वाटतं की जगातली कुठलीही गोष्ट मापं घेतली की करता येते, मी म्हणून गेले, "दाखवते तुमास्नी. मी बनवते."

खेळण्यातल्या आगगाड्यांचे हुबेहूब नमुने मिळतात हे मला माहीत होतं. पुण्यातल्या एका दुकानदाराचा नंबर मिळाला. फोनवरच इंजिन, तीन निळे डबे आणि रुळांचे तुकडे घेतले. माझं कटिंगचं टेबल आठ फूट लांब आहे, त्यावर सरळ रेषेत रूळ बसवायचे ठरले. दुकानदार म्हणाला, गोल करा, गाडी फिरत राहील. आण्णा म्हणाले, "फाटकातनं गाडी जाती. फिरत न्हाई." झालं, सरळ. रुळांच्या तुकड्यांना भोकं असतात, त्यातून मी माझ्या टाचण्या ठोकल्या.

रूळ बसल्याबरोबर आण्णांनी दोन्ही रुळांमध्ये बोटं घातली आणि कपाळाला आठ्या. "ह्यो कसला गेज? ना मीटर, ना ब्रॉड." मी पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, बाहेरच्या देशातला गेज आहे तो. तसाच येतो, आपल्याला पर्याय नाही." मी आण्णांना तेच सांगितलं. त्यांनी काही दिवस त्या रुळांकडं पाहुण्याच्या वाईट वागण्याकडं बघावं तसं बघितलं आणि मग विषय सोडला.

खरी फजिती पुढंच. दुकानदारानं मला स्पष्ट सांगितलं होतं, "तुमची गाडी एकास सत्त्याऐंशीची आहे. म्हणजे खरी वस्तू सत्त्याऐंशी पट लहान केलेली. माणसं, झाडं, घरं सगळं त्याच मापात घ्या. दुसरं घ्याल तर गंडेल." त्यानं यादी पाठवली. एकाच माणसाची चार-पाच मापं. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. आण्णांची उंची पाच फूट चार, म्हणजे चौसष्ट इंच. सत्त्याऐंशीनं भागलं तर पाऊण इंचाला एक केस कमी. हे असं केसभर कमी माप मला बघवतच नाही. खाली एक माप होतं एकास चौसष्टचं. चौसष्ट इंचाचा माणूस, चौसष्ट पट लहान, बरोबर एक इंच. मला ते इतकं आवडलं की विचारू नका.

शिवाय शिंपिणीची खोड. आम्ही कापड कापताना चारी बाजूंनी थोडं जास्त ठेवतो. मोठं झालं तर आत घेता येतं, लहान झालं तर कपाळावर हात मारायचा. बावीस वर्षं हाताला तेच वळण. मनात म्हटलं, थोडा मोठा घेऊ, बघू पुढचं पुढं. मोठा असला तर आण्णांना नीट दिसेल असंही मनात होतं. ते तेव्हाच होतं की नंतर मी स्वतःची समजूत काढायला धरलं, हे आता मला खात्रीनं सांगता येणार नाही.

पार्सल आलं. डबीत दहा माणसं, सगळी परदेशी. कोटवाले, टोपीवाले, एक बाई छत्री घेऊन. त्यातला एक सडपातळ बघून मी त्याची टोपी ब्लेडनं उडवली, नेलपॉलिशनं शर्ट निळा केला आणि हातात ब्लाऊजपीसच्या कातरणाची हिरवी झेंडी चिकटवली. रुळाच्या कडेला उभा केला आणि आण्णांना हाक मारली.

आण्णा वाकले. एक डोळा मिटून दुसरा त्या माणसाच्या पार जवळ नेला.

"ह्यो कोण?"

"तुमी."

"मी?" ते सरळ झाले. "ह्याचं डोस्कं खिडकीला लागतंय गं. ह्यो गाडीत बसणार न्हाई, गाडीच ह्याच्या पिशवीत बसंल."

मी म्हणाले, जरासा मोठा आहे, दोन सूत, म्हणजे पाव इंचच. त्यावर त्यांनी मला खुर्चीवर बसवून जे सांगितलं, ते मी त्यांची मुलगी असून मला आजवर माहीत नव्हतं. गेटमननं नुसतं दांडे पाडून भागत नाही. गाडी येताना रुळाच्या कडेला झेंडी घेऊन उभं राहायचं आणि प्रत्येक डब्याच्या खाली बघायचं. चाक तापलंय का, काही लोंबतंय का, ठिणग्या उडतायत का, जळका वास येतोय का. शेवटच्या डब्यातल्या गार्डला हात दाखवायचा, सगळं ठीक आहे म्हणून, मग काम संपलं. "मी हुबा ऱ्हायलो की माझं डोस्कं डब्याच्या दाराच्या उंबऱ्यावर चार बोटं यायचं," ते म्हणाले. "तीस वर्सं तेवढंच आलं. तवा कुठं चाकं नजरंच्या टप्प्यात येत्यात. ह्या तुज्या सव्वासात फुटाच्या गड्याला चाक कसं दिसायचं?"

मी गुपचूप हिशेब केला. एक इंच गुणिले सत्त्याऐंशी. सव्वासात फूटच येत होते. म्हाताऱ्यानं एका डोळ्यानं, तोही अर्धा, अचूक सांगितलं होतं.

नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "पायाकडनं घास की. आम्ही सोनं काय करतो?" सोनं घासलं तर पूड तरी राहते. मी कानस घेऊन त्या छत्रीवाल्या बाईशेजारच्या एकाला घासत बसले. दोन सूत कमी झाले खरे, पण त्याचे घोटे गेले. आण्णांनी तो बोटांत धरून चाचपला. "ह्याला पावलं न्हाईत," एवढंच म्हणाले आणि माझ्या हातात परत दिला. प्लॅस्टिक आत घेता येत नाही, ही अक्कल मला अशी आली.

मग पुण्याला पुन्हा फोन. पाऊण इंची माणसं पाठवा. तो म्हणाला, संपलीत ताई, तीन आठवडे लागतील. मी ओरडले त्याच्यावर. त्याची काहीच चूक नव्हती. आण्णांच्या नजरेचे दिवस किती उरलेत आणि त्यातले किती या तीन आठवड्यांत जाणार, हे त्याला कुठून कळणार.

त्या तीन आठवड्यांत मी बाकीचं करत बसले. लग्नाच्या ऑर्डरी कोपऱ्यात, मी फाटकाच्या मागं. दुकानदाराकडची झाडं सगळी टोकदार, थंड देशातली. बाभूळ कुठून आणणार? तारेची केली, वर हिरव्या दोऱ्याची बारीक कातरणं. पण उंच किती? आण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "खालची फांदी तुज्या आईचा हात पुरंल येवढी. त्याच फांदीला दोरी बांधून धुणं वाळत घालायची ती." आता आईचा हात वर केल्यावर किती उंच जायचा, हे मी कुठं मोजलं होतं? तिचे ब्लाऊज मी शिवले आहेत, बाही साडेनऊ, दंड बारा, सगळं पाठ आहे. पण हात वर करून उभी राहिलेली आई मी टेपनं कधी मोजली नाही. शेवटी तिचं एक लुगडं काढलं, स्वतः नेसले, अंदाजानं हात वर केला आणि भिंतीवर खडूची रेघ मारली. ती बरोबर आहे का हे सांगणारं कुणी नव्हतं.

रांजणाचंही तेच. "रांजण तुज्या कमरंएवढा. तू दुसरीत हुतीस तवा." दुसरीतल्या मुलींचे फ्रॉक मी शेकड्यानं शिवलेत, तेवढ्यावरनं कमरेची उंची काढली आणि मण्यावर मातीचा लेप देऊन रांजण केला. खोली पुठ्ठ्याची. दांडे खराट्याच्या काड्यांचे, त्यावर लाल-पांढरा दोरा गुंडाळलेला. आण्णांजवळ एकाही गोष्टीचं माप फुटात नव्हतं. सगळी मापं कुणाच्या तरी अंगाला लावलेली, आणि ती अंगं आता एक तर गेलेली नाहीतर वाढून म्हातारी व्हायला आलेली. मी त्यांना सत्त्याऐंशीनं भागत बसले होते. चिडचिड व्हायची, कुणावर ते कळायचं नाही. एकदा एका गिऱ्हाइकीणबाईनं विचारलं, "हा काय खेळ मांडलाय?" तिला मी इतकं तोडून बोलले की ती कापड उचलून गेली.

पाऊण इंची माणसं शेवटी आली. एकेक माझ्या बोटाच्या पेरापेक्षा लहान. भिंगाखाली धरून एकाला रंगवलं, झेंडी दिली आणि खोलीसमोर उभा केला. डबे पुढं सरकवून दार त्याच्या बाजूला आणलं. डोकं उंबऱ्यावर आलं. चार बोटं म्हणजे त्या मापात काय, दोऱ्याच्या जाडीएवढं. बरोबर तेवढंच. मला हसूही आलं आणि रडूही. आण्णांना हात धरून टेबलापाशी आणलं.

त्यांनी वाकून बघितलं. खोली दिसली. बाभूळ दिसली, हात वर करून तिच्याकडं दाखवलंसुद्धा. इंजिन दिसलं. मग म्हणाले, "आणि मी कुठं हाय? आज्जून मांडला न्हाईस व्हय?"

तो त्यांच्या नाकासमोर होता.

मी त्यांचा हात हातात घेतला तसं त्यांना कळलं. त्यांनी बोट पुढं केलं, मी ते धरून त्या माणसाच्या डोक्यावर टेकवलं. "उंबऱ्यावर चार बोटं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "चार बोटं." ते म्हणाले, "मग बरोबर हाय." मग हळूच म्हणाले, "तो मोठा आण गं. पिशवीवाला."

"आवं तो चुकीचा हाय."

"असू दे चुकीचा. दिसतोय तरी."

ज्या माणसानं दोन सुतांवरनं मला खुर्चीवर बसवून सुनावलं, त्यानं आपणहून सव्वासात फुटाचा गेटमन रुळाच्या कडेला उभा करायला लावला. मी केला. बरोबर मापाचा गेटमन काढून बटणांच्या डबीत ठेवला.

त्यानंतर रोज सकाळी दहाला मी गाडी सोडायची, हा नेम झाला. दुकान उघडलं, उदबत्ती लावली की बटण दाबायचं. गाडीचा बारीक घर्रर्र आवाज आला की आण्णा खुर्चीतनं उठून टेबलाशेजारी उभे राहायचे, उजवा हात लांब करायचे, त्यात मी एक हिरवं कातरण द्यायची. मान इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत सावकाश वळायची. मग हात वर, गार्डला. आठ फुटांचा प्रवास, त्याला कितीसा वेळ लागणार. गिऱ्हाइकंही तेवढ्यापुरती गप्प बसायला शिकली.

दोन महिने गेले. त्यांच्या मानेचं वळणं गाडीच्या मागं पडायला लागलं हे मी बघत होते. गाडी टोकाला पोचून थांबलेली आणि आण्णांची मान अजून मधेच. ते आवाजावर चालले होते. मी डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तपासलं आणि थेंब बदलून दिले, माझ्या नजरेला नजर मात्र दिली नाही त्यांनी त्या दिवशी.

परवा सकाळीही दहाला गाडी सोडली. आण्णांनी झेंडी दाखवली, हात वर केला, खुर्चीत बसले. जेवण झाल्यावर मी टेबलाच्या कडेला उरलेल्या वीतभर जागेत एक बाही कापत होते. ते माझ्याकडं तोंड करून बसलेले. टेबल त्यांच्यापासून दोन हातांवर. खोली, बाभूळ, रांजण, दांडे, तो मोठा गेटमन, सगळं उन्हात चकचकीत दिसत होतं.

"ए," ते म्हणाले. "मला दिसंना झालंय, का तिथं कायच न्हाई?"

मी कात्री खाली ठेवली. शब्द तेच होते, जाळीला धरून विचारले होते तेच. आणि माझ्याकडं उत्तरही एकच तयार होतं.

"कायच न्हाई, आण्णा," मी म्हणाले. "काढून ठिवलं मी. लगीनसराई आली, टेबल लागतंय. तुमचं डोळं बरोबर हाईत."

"कवा काढलंस?"

"सकाळी."

"बरं," ते म्हणाले. "मग ठीक हाय." आणि भिंत धरून आत झोपायला गेले.

आता ते खरं करणं भाग होतं. तासाभरात मी सगळं काढलं. टाचण्या उपसल्या, रूळ सुटे केले, डबे अस्तराच्या कापडात गुंडाळले. पुठ्ठ्याची खोली उचलताना चेपली. आईच्या हाताच्या मापाची बाभूळ उचलून कपाटावर ठेवली. मोठा गेटमन शेवटी काढला आणि तो कुठं ठेवायचा हे न कळून डाव्या मुठीत धरून बसले.

चारच्या सुमाराला आण्णा चहाला उठले. भिंतीला हात लावत लावत थेट टेबलापाशी आले. तळवा टेकवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत नेला, मी कापायच्या आधी कापड सारखं करते तसा. मध्यावर, फाटक होतं तिथं, त्यांचा हात थांबला. दोन बोटांनी त्यांनी काहीतरी उचललं.

"टाचणी ऱ्हायलीय बघ एक," ते म्हणाले. "कुणाच्या तरी हाताला लागंल."

मी उजवा हात पुढं केला. त्यांनी तो चाचपून घेतला, तळव्यावर टाचणी ठेवली आणि माझी बोटं वरनं मिटवली. हात सोडला नाही.

"सकाळी काढलंस म्हणालीस," ते म्हणाले. "दहाची गाडी तर गेली की आज. मी झेंडी दाखवली तिला."

डाव्या मुठीत त्या सव्वासात फुटाच्या माणसाचं डोकं रुतत होतं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "आता काप तू ब्लाऊज. लोकं खोळंबली असतील."

ते खुर्चीत जाऊन बसले. मी ब्लाऊजपीस पसरला आणि टेप शोधायला लागले. मशीनखाली बघितलं, ड्रॉवर उपसला, कपाट उघडलं. टेप माझ्या गळ्यातच होता.